पडद्यावरचा राखणदार

पाण्याच्या रांगेत कुणी मधे घुसलं, तरी आमच्या शेजारच्या मावशी नुसतं "आसू दे" म्हणायच्या. श्रीगोंद्याच्या बाजाराला तंबूत सिनेमा लागला, आपल्याच भागात होऊन गेलेल्या दरोडेखोराचा. पेढीवर राखणीला असलेल्या त्यांच्या नवऱ्याला त्यानंच मारलं होतं. तरी मला "चल" म्हणाल्या.

बायकांच्या बाजूला त्या ताठ बसल्या. दरोडेखोर दिसताच लोकांनी पडद्यावर चिल्लर उधळली. पेढीवरचा राखणदार धोतर सावरत पळाला, गोळी लागून पडला. तंबू खदखदून हसला.

मावशी उठल्या. मी पदर ओढला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि पडद्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. दरोडेखोराचं तोंड त्यांच्या सावलीत बुडालं.

"ए बाई, खाली बस!" पुरुष ओरडले.

"आमचं मानूस पळालं न्हवतं."