बॅटरीची तब्येत

क्रांती चौकाजवळ मोबाइल दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मीही तेच म्हणतो. नाव कधी विचारलं नाही. फोन हातात आला की बाहीनं पुसतात, बॅटरीची तब्येत बघतात आणि जे असेल ते तोंडावर सांगतात. गिऱ्हाइकाचं मन राखणं त्यांना माहीत नाही.

गेल्या महिन्यात मी ताईचा जुना फोन त्यांच्याकडे नेला. त्यातले फोटो हवे होते, पण तो सुरूच राहत नव्हता. त्यांनी तो चार्जरला लावून पाहिला.

"तब्येत सत्तावन्न टक्के. दोन सालापासून बोलता बोलता बंद पडत असंल, सर. ध्यान नाय दिलं कुणी."

ताई फर्दापूरहून फोन करायची आणि बोलणं मध्येच तुटायचं. ती रागानं ठेवते, असं मी धरून चाललो होतो. शेवटच्या वेळीही "ऐक ना" म्हणाली आणि फोन बंद झाला. मी परत लावला नाही. ती तेव्हा आजारी होती, हे मला नंतर कळलं.

"कुणाचा हाय?" चाचांनी विचारलं.

"बहिणीचा. दिवाळीनंतर गेली."

त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि पडद्याकडे उगाच बराच वेळ बघितलं.

"बॅटरी येवढ्यातच बिघडली दिसते," ते म्हणाले. "पडून राहिली ना. आधी चांगली असंल."

इतक्या वर्षांत त्यांना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि त्यांना ते नीट जमलंही नाही.

"असेल, चाचा," मी म्हणालो.