विमानाची फुंकणी

फिटर आबा कुणाच्याही घरी गेले की आधी कोंबड्यांच्या पाण्याचं भांडं बघायचे. माणसांची विचारपूस नंतर. वाकून त्या भांड्यावर नखानं टिचकी मारायची, कान द्यायचा आणि निकाल सांगायचा, "हे जर्मनचं." म्हणजे साधं ॲल्युमिनियमचं. मग त्यांचा भांड्यातला रस संपायचा. क्वचित कधी ते दुसऱ्यांदा टिचकी मारायचे, खिशातून भिंग काढायचे आणि घरमालकाला म्हणायचे, "पावनं, तुमच्या कोंबड्या विमानातनं पाणी पित्यात."

साताऱ्यात ते आमच्या समोरच्या घरात राहायचे. मूळ गाव उंब्रजजवळ. उमेदीची सगळी वर्षं हवाई दलात इंजिनांची देखभाल करण्यात गेली, म्हणून गावानं त्यांना फिटर आबा केलं. त्यांच्या वयाची माणसं देवळं बघत हिंडतात. आबा आपल्या सातारा-सांगलीकडं कधीकाळी पडलेली विमानं शोधत हिंडायचे, आणि प्रत्येक विमान का पडलं हे विचारायचे.

त्यासाठी त्यांची एक लांबट वही होती. प्रत्येक पानावर दोन रकाने. डावीकडे 'ऐकलेलं', उजवीकडे 'बघितलेलं'. पश्चिमेकडच्या एका कड्यावर आदळलेल्या विमानाच्या पानावर डावीकडे लिहिलं होतं, 'देवीचा कोप. वैमानिकानं देवळावरून विमान नेलं.' उजवीकडे, 'पावसाळा. ढग. डोंगर होता तिथंच होता.' आष्ट्याकडच्या एका शेतात उतरलेल्या विमानाच्या पानावर डावीकडे होतं, 'वैमानिकाला ऊस खायचा होता.' उजवीकडे, 'वाट चुकला. पेट्रोल संपलं. टाकी ठोकून बघणारा म्हातारा भेटला. ऊस नंतर खाल्ला.' बाकी बहुतेक पानांवर उजवीकडचा रकाना कोराच होता, आणि त्या कोऱ्या जागेचा आबांना जरा अभिमानच होता.

"बघितलं का ऐकलं?" हा त्यांचा कायमचा प्रश्न. आई म्हणाली, उद्या पाणी येणार नाहीये, की आबा गॅलरीतून विचारायचे, "बघितलं का ऐकलं?" एकदा मी पेपर अवघड जाणार म्हणून रडत होते, तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. मला राग आला होता. पेपर सोपा गेला, हे मी त्यांना सांगितलं नाही.

या हिंडण्यात त्यांनी मला बरोबर का घेतलं, याचं कारण ते आईला मोकळेपणानं सांगत. "ही गप बसती. आन् हिला सैपाकघरात जाता येतं." विमान पडलं की लोक त्याचे तुकडे घरी नेत. पत्र्याची झाकणं होत, डबे होत, नळ्यांचं काहीबाही होई. मुलीचं लग्न ठरलं की त्यातलं एखादं भांडं रुखवतात जाई. "विमान लेकींसंगं नांदायला गेलं," आबा म्हणायचे. म्हणजे शोधायचं तर लेकींच्या सासरी जायचं, आणि तेही थेट चुलीपर्यंत. तिथं अनोळखी म्हाताऱ्याला कोण येऊ देणार? म्हणून मी. मी इंग्रजी माध्यमातली, परक्या घरात पाणी मागायलाही लाजणारी, आणि मी दोन जिल्ह्यांतल्या बायकांना "काकू, तुमची झाकणं बघू का?" असं विचारत होते. आबा अंगणात कोंबड्यांपाशी. निम्म्या बायकांना वाटायचं, मी कसला तरी सरकारी सर्व्हे करते आहे. त्या आधी रेशनकार्ड आणून दाखवायच्या.

कवठे महांकाळच्या एसटीत आबांनी मला त्यांच्या गावच्या विमानाची गोष्ट सांगितली. ते पाचवीत असताना गावच्या माळावर एक छोटं विमान पडलं. वैमानिक वाचला नाही. का पडलं, याची गावात दहा कारणं होती. पुढे आबा हवाई दलात लागले आणि पहिल्या सुट्टीला गणवेश घालून गावी आले. पारावर लोकांनी विचारलं, "तू विमानातला. सांग गड्या, कशानं पडलं?"

"तवा माजी शिकवणी सा म्हयन्याची," आबा म्हणाले. "इंजनाला हात लावला नव्हता. पर गणवेशात 'म्हाईत न्हाई' कसं म्हणायचं? म्हणलं, धुरानं. इंजनात धूर गेला."

विमान पडलं त्या दिवशी माळाखाली एकच धूर होता, गावात माहेरीच राहिलेल्या हौसाआक्काच्या वडलांच्या गुऱ्हाळाचा. गणवेशातला माणूस बोलला म्हटल्यावर बाकीची नऊ कारणं संपली. त्या घराला 'विमानपाडे' हे नाव पडलं. वडलांनी गूळ उकळायची काहील उलटी करून ठेवली आणि परत कधी चुलवणावर चढवली नाही.

"तुम्ही नंतर खरं सांगितलं नाही?" मी विचारलं.

"दर सुट्टीला सांगितलं. आवं, धुरानं इंजन बंद पडत न्हाई, म्हणलं. लोक म्हणायचे, मग कशानं पडलं? तिथं मी गप. नुसतं न्हाई म्हणून लोकांचं भागत न्हाई, पोरी. तेस्नी दुसरं कारण लागतं." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "आक्काचं वडील तसंच गेलं. माज्या शब्दावर इश्वास ठेवून."

कवठे महांकाळला त्यांच्या गावची एक लेक दिलेली होती, शालनकाकू. स्वयंपाकघरात झाकणं बघून झाली, डबे बघून झाले. सगळं जर्मनचं. मी उठले, तर काकू मागच्या दारी अंघोळीच्या पाण्याखालचा जाळ फुंकायला बसल्या. हातात एक नळी होती. हातभर लांब, एका टोकाला सहा बाजूंचा नट. फुंकणी हा शब्दही मला माहीत नव्हता. मी एवढंच म्हणाले, "काकू, हे काय आहे?"

"काय म्हंजे? फुंकणी. माज्या बाबानं विमानातनं काढल्याली. आईनं रुखवतात घातली."

आबांनी ती नळी अंगणात उन्हात धरली. भिंग लावलं. नटाच्या सहाही बाजू बोटानं चाचपल्या. मग विचारलं, "शालन, तुज्या बाबानं ही पान्यानं काढली का गं?"

"पाना कुठला आणणार दादा? बाबा सांगायचा, नुसती लोंबत हुती. हातात आली."

आबांनी मला दाखवलं, नटावर पान्याचा एकही ओरखडा नव्हता. आतले आटे कोरे, शाबूत. आदळून, हिसका बसून तुटली असती तर ते फाटले असते. या पेट्रोलच्या नळीचा नट हवेतच फिरत फिरत सुटला होता आणि इंजिनाला पेट्रोल मिळालं नव्हतं. आणि नट फिरू नये म्हणून त्याच्या बारीक भोकांतून एक तार ओवून पिळतात, ती भोकं जशीच्या तशी गुळगुळीत होती. तार ओवलेलीच नव्हती.

"फिटर इसरला," आबा म्हणाले. मला वाटलं, त्यांना आनंद होईल. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आमच्यातलाच कुणीतरी."

काकूंनी फुंकणी दिली, पण बजावून. "परत आणून द्यायची बरं का दादा. दुसरीनं जाळ धरत न्हाई."

सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनाला आबांनी आपल्या गावच्या सरपंचांकडून पाच मिनिटं मागून घेतली. गावचे सगळे निवृत्त फौजी त्या दिवशी पदकं लावून येतात. आबा साध्या सदऱ्यात आले. "गणवेशात खोटं बोललो हुतो," ते मला म्हणाले, "आता बिनगणवेशाचं खरं बोलतो." त्यांनी सगळं सांगितलं, पारावरच्या त्या सुट्टीपासून. मी फुंकणी घेऊन रांगेरांगेतून फिरले. म्हाताऱ्यांनी नट चाचपला, पोरांनी फुंकून बघितलं.

मागून एक जण ओरडला, "म्हंजे आबा, इमान तुमच्या फिटर लोकांनीच पाडलं की!"

"व्हय," आबा म्हणाले. "आमीच पाडलं. आन् नाव ह्येंच्या दारात नेऊन टाकलं, ते मी एकट्यानं."

हौसाआक्का पुढच्या रांगेत खुर्चीवर बसल्या होत्या. आबा त्यांच्यासमोर जाऊन हात जोडून उभे राहिले. "आक्का, आजपासनं तुमाला कुणी विमानपाडे म्हणणार न्हाई."

आक्कांनी त्यांच्याकडं खालून वर बघितलं. "आरं, म्हणू दे की! नातवानं ट्रॉलीच्या मागं इमान रंगवून घेतलंय, धा हजार दिऊन. ते आता पुसू का? नाव ऱ्हाऊ दे माज्याकडं. पाप तेवढं घिऊन जा."

सगळं गाव हसलं. आबाही हसले, पण त्यांना नीट हसता येईना.

आक्कांच्या नातवानं त्याच हंगामात काहील उलथून सरळ केली. गुळाची पहिली ढेप आबांकडं आली. ती आणि फुंकणी घेऊन कवठे महांकाळला जायचं, असं आमचं ठरलं. जायच्या दोन दिवस आधी आबा झोपेतच वारले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाजवळ एक कारण होतं. उन्हात फार हिंडले. गोड फार खाल्लं. मी कोपऱ्यात बसून मनातल्या मनात डावा रकाना भरत होते. वही नंतर त्यांच्या सुनेनं मला दिली. त्यांच्या गावच्या पानावर डावीकडे होतं, 'धूर. सांगणारा: मी स्वतः.' उजवीकडे एकच शब्द, 'नट.'

गेल्या महिन्यात ढेप आणि फुंकणी घेऊन मी एकटीच कवठे महांकाळला गेले. दारात थांबले नाही, आवाज देत सरळ मागच्या दारी गेले. शालनकाकूंनी फुंकणी उलटसुलट करून बघितली, पदरानं पुसली. "दादा न्हाई आलं?" मी सांगितलं. त्यांनी चुलीवर आधण ठेवलं, ढेपेतला गूळ फोडून टाकला आणि फुंकणी तोंडाला लावली. लाकडं ओली होती. आधी नुसता धूर, मग एकदम जाळ.

चहा हातात देताना त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं. "काय गं, रडतीस व्हय?"

"नाही हो काकू," मी म्हणाले, "धुरानं."

म्हणाले आणि लक्षात आलं. पुन्हा एकदा नाव धुराचंच पुढं केलं होतं.