प्रोसेसरचं सीमोल्लंघन

माझ्या बायकोच्या पीएच.डी.च्या प्रबंधात माझे आभार मानलेले नाहीत, आणि ते योग्यच आहे.

पुण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले होते तेव्हाची ही गोष्ट. मी बँकेत कारकून. पण रविवारचा एक क्लास केल्यापासून स्वतःला इंजिनिअर समजू लागलो होतो. (सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलं होतं. आईनं त्याच खिळ्याला कॅलेंडर अडकवलं.) घरात एक सेकंडहँड कॉम्प्युटर होता आणि त्याच्या पोटात वसुधाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, मंडईतल्या भाजीबाजारावरचा सव्वादोनशे पानांचा प्रबंध होता. पाच वर्षांची मेहनत! दसऱ्यानंतरच्या सोमवारी तो विद्यापीठात द्यायचा होता. दुसरी प्रत नव्हती, कारण फ्लॉप्यांना पावसाळ्यात बुरशी आली होती आणि नव्या आणायचं काम माझ्याकडे होतं.

मी फ्लॉप्या आणायला गेलो आणि दुप्पट वेगाचा प्रोसेसर घेऊन आलो.

"आणि फ्लॉप्या?" वसुधानं विचारलं.

"अगं, एक प्रकरण सेव्ह व्हायला चहा उकळेपर्यंत वेळ लागतो. आता बघच!"

"अहो, सोमवारपर्यंत त्याला हात लावू नका. तोवर मी चहा पिईन."

"जुना काढायचा, नवा बसवायचा. पाच मिनिटांचं काम!"

"मग लेल्यांना बोलवा."

लेले म्हणजे आमचे कॉम्प्युटर दुरुस्त करणारे. मला ते नको होते. आल्याआल्या ते "कोणी उघडला होता?" असं विचारतात आणि उत्तर येईपर्यंत माझ्याकडेच बघत राहतात.

वसुधा झेंडू आणायला मंडईत गेली आणि मी स्क्रू ड्रायव्हर उचलला.

"थांब," आई म्हणाली. "आज खंडेनवमी आहे. विळी, सुरी, शिवणयंत्र, सगळ्यांची पूजा झाली. तो तुझा स्क्रू ड्रायव्हर आण इकडे. आणि ती नवी चकतीही देवापुढं ठेवू दे."

"आई, चकती नाही, प्रोसेसर!"

"असेल. नमस्कार कर."

केला. दहा मिनिटांनी तिनं प्रोसेसर अगदी अलगद, कडेला धरून परत दिला. मी कॉम्प्युटर उघडला. जुना प्रोसेसर निघाला (घामही निघाला), तो मी काडेपेटीत ठेवला. क्लासमधलं एकच वाक्य मला पाठ होतं: प्रोसेसर चौकोनी असतो, चारही बाजूंनी बसतो, म्हणून त्याच्या कोपऱ्यावरची खूण सॉकेटच्या खुणेशी जुळवायची. चुकलं तर काय, असं मी तेव्हा विचारलंही होतं. "चुकायचं नाही," असं सर म्हणाले होते.

नव्या प्रोसेसरच्या कोपऱ्यात लालचुटूक ठिपका होता. किती स्वच्छ, किती ठळक! कंपनीचं मनोमन कौतुक करत मी खूण जुळवली, सॉकेटची दांडी दाबली आणि कॉम्प्युटर सुरू केला.

आधी काहीच झालं नाही. मग वास आला. मग धूर! मी वायर उपटली, उदबत्ती समजून आईनं हात जोडले, आणि दारात पिशवीभर झेंडू घेऊन वसुधा उभी!

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती एवढंच म्हणाली, "माझा प्रबंध?"

पाच वर्षं ती पहाटे चारला उठून मंडईत भाजीच्या गाड्या मोजत होती, आणि मी पाच मिनिटांत हे केलं होतं. मी लेल्यांना फोन लावला.

"उघडलाय का?" लेले.

"हो."

"मग आता हात मागे बांधा आणि तसेच उभे राहा."

लेले आले, तेव्हा मी खरोखरच तसा उभा होतो. त्यांनी प्रोसेसर काढला, भिंगातून पाहिला.

"ही लाल खूण कसली?"

"कंपनीची."

लेल्यांनी ती नखानं खरवडली आणि बोट हुंगलं. "काकू, हे कुंकू का हो?"

"मग! देवापुढं ठेवलं होतं ना!" आई कौतुकानं म्हणाली. "मधोमध अक्षरं होती, ती झाकायला नकोत म्हणून कोपऱ्यात लावलं. ओलं केलं होतं थोडं, सांडू नये म्हणून."

खरी खूण समोरच्या कोपऱ्यात होती. पुसट, राखाडी, कुंकवापुढे अगदीच गरीब.

लेल्यांनी काडेपेटीतला जुना प्रोसेसर बसवला. "बोर्ड वाचला असेल तर उघडेल," म्हणाले. पडदा काळाच. वसुधानं डोळे मिटले. मी हात मागेच ठेवून सगळे देव आठवले. मग पडद्यावर एक पांढरी रेघ आली, दुसरी आली, आणि चहा उकळेल एवढ्या वेळानं प्रबंधाचं पहिलं पान उघडलं. वसुधा हमसून रडली. माझेही डोळे भरून आले, पण पुसायला हात पुढे घ्यायची हिंमत झाली नाही.

ऋणनिर्देशात मंडईतल्या भाजीवाल्या मावश्या आहेत, सासूबाई आहेत, लेलेही आहेत. स्क्रू ड्रायव्हर तेव्हापासून वसुधाच्या कपाटात कुलपात असतो. दर खंडेनवमीला तो बाहेर निघतो, आई त्याला कुंकू लावते, आणि मला लांबून नमस्कार करायची परवानगी मिळते!