पेरुमलच्या लॉरीतली हवा

बेटावरच्या लंबासा गावातल्या आमच्या नाटक मंडळीत राजे पुष्कळ होऊन गेले. मी स्वतः निम्मी हयात राजाच होतो. पण मंडळी एका गावाहून दुसऱ्या गावी हलायची ती मात्र पेरुमलच्या हुकमाने. उसाचा हंगाम संपला की साखरेच्या गिरणीपुढच्या ऊसगाड्यांच्या रांगेतून त्याची लॉरी सुटायची आणि मग तिच्यात आमचे पडदे, पेट्या, लाकडी सिंहासन आणि आम्ही. "पेटी पुढे घ्या, राजाला मागे बसवा," असं तो सांगायचा आणि राजा निमूट मागे जाऊन बसायचा.

अंगाने वाळका, रंगाने काळाभोर, एक खांदा जरा उतरता. बाप जन्मभर दुसऱ्याच्या शेतात ऊस तोडून गेला. पेरुमलने मात्र दोन मेलेल्या लॉऱ्यांतून एक जिवंत केली होती. एकीचं इंजिन, दुसरीचा सांगाडा. समोरचे दोन दिवेसुद्धा एकमेकांना ओळखत नसल्यासारखे दिसायचे. तिच्यावर त्याचं घर चालायचं आणि तिच्याशिवाय त्याला या बेटावर कोणी ओळखलंही नसतं. आमचं नाटक त्याने कधी पाहिलं नाही. खेळ सुरू झाला की तो लॉरीखाली पोतं टाकून झोपायचा. कोणी टोकलं तर म्हणायचा, "रोज तोच राजा मरतो आणि रोज उठून माझ्याकडे भात मागतो. त्यात काय बघायचं?"

त्याची आई, आम्हा सगळ्यांची अम्मा, लॉरीत त्याच्या शेजारी बसायची. ती जागा तिची. गुडघे गेलेले, जीभ शाबूत.

त्या दिवशी नदीपलीकडच्या वस्तीवर देवळाच्या उत्सवात आमचा खेळ होता. दुपार नुकतीच कलली होती. आमच्या डोक्यावर स्वच्छ ऊन, पण मागे डोंगरावर आभाळ काळं झालेलं. नदीवरचा पूल म्हणजे सिमेंटची बुटकी पट्टी, कठडा नाही, कडेला फक्त वीतभर उंचीची कड. आमचा ढोलकीवाला वाइसाके याचं गाव याच नदीवर, वरच्या अंगाला. पुलाच्या तोंडाशी त्याने पाण्याकडे पाहिलं आणि लॉरीच्या फळीवर थाप मारून पेरुमलला सांगितलं की थांबू नकोस, पटकन काढ.

पेरुमलने पटकनच घातली. अर्ध्या पुलावर इंजिनाला ठसका लागला. एकदा, दोनदा. मग ते असं गप्प झालं की मागे बसलेल्या आम्हाला पाण्याचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला.

सेल्फ मारला. इंजिन गरगरलं, पेटलं नाही. पेरुमल खाली उतरला आणि कोणाकडेही न बघता म्हणाला, "एअर धरली."

त्याने सकाळीच डिझेलचा फिल्टर बदलला होता. फिल्टर बदलला की नळ्यांत हवा शिरते, आणि डिझेलच्या वाटेत हवा असली की इंजिन उपाशी मरतं. म्हणून पंपावरचा बोल्ट जरा सैल करायचा, हातपंप दाबत राहायचं, फेस आणि बुडबुडे बाहेर जाऊ द्यायचे, आणि बुडबुडा संपून नितळ धार आली की बोल्ट आवळायचा. सकाळी त्याने हे सगळं केलं होतं. मी समोर चहा पीत होतो.

आम्ही ढकलून पाहिलं. पुलाची पुढची बाजू चढाची, आणि पेट्यांनी लॉरी भरलेली. ती तसूभर हलली नाही. तेवढ्यात पुलाच्या पट्टीवरून पाण्याची पातळ चादर सरकली. तिच्यात केळीची फाटकी पानं होती. वरच्या बागांत पूर शिरलाय हे वाइसाकेने त्या पानांवरून ओळखलं आणि तो पेट्या उतरवायला लागला. डोक्यावर पेट्या घेऊन आम्ही पलीकडच्या काठावर धावलो, पुन्हा आलो, पुन्हा धावलो.

अम्मा उतरायला तयार नव्हती. पेरुमलने हात जोडले, मग ओरडला. शेवटी वाइसाकेने तिला पाठीवर घातलं, आणि ती सगळा पूलभर त्याला सुनावत राहिली की बैलासारखा डुलत चालू नकोस, मला चक्कर येते. काठावर तिला सिंहासनावर बसवलं. दुसरं बसायला काही नव्हतं.

मी पेरुमलजवळ परत गेलो, कारण बोल्ट आवळायचे पाने धरायला कोणीतरी हवं होतं. तो गुडघ्यांवर बसून हातपंप दाबत होता. बोल्टाशी फेस येत होता, मग बुडबुडे, मग पुन्हा बुडबुडे. धार नितळ होतेय असं वाटायचं आणि तेवढ्यात फुस्स. बॅटरी म्हातारी. सेल्फ आणखी किती वेळा ओढेल याची खात्री नव्हती, म्हणून तो मारायलाही भीत होता.

"टाकीत डिझेल आहे ना?" मी विचारलं.

"आहे. कुठून तरी हवा ओढतंय." तो नळीवरून बोटं फिरवत मागे मागे गेला आणि नव्या फिल्टरपाशी थांबला. हा फिल्टर सांगाड्याला, चाकाच्या वर लटकलेला. त्याच्या खालून पाणी चाललं होतं आणि चाकाचं निम्मं टायर बुडालं होतं.

त्याने बोट फिल्टरच्या गळ्याभोवती फिरवलं आणि त्याचा चेहरा बदलला. रबरी रिंगेखालून दोऱ्याचं पिवळं टोक बाहेर आलेलं होतं.

नवी वस्तू पूजेशिवाय लॉरीला लावायची नाही, असा अम्माचा नेम. पहाटे हात धुवायला गेलेल्या पेरुमलने फिल्टर पायरीवर ठेवला होता. अम्माने त्याला कुंकू लावलं, हळदीचा दोरा बांधला, तोही नेमका गळ्याशी, जिथे माणसाला बांधतात तिथे. पेरुमलने दोरा पाहिला होता. धुऊनही तेलकट राहिलेल्या हाताने तो खाली सरकवायला त्याचं मन झालं नाही. नमस्कार केला आणि तसाच फिल्टर आवळला. रिंगेला तेवढी फट मिळाली आणि हातपंपाच्या प्रत्येक ओढीला डिझेलबरोबर हवाही आत.

"काय रे, काय सापडलं?" काठावरून अम्माचा आवाज आला.

पेरुमल पाण्याकडे बघत होता. आता फिल्टर उघडायचा, आणि उघडा असताना पाणी तिथवर पोचलं तर डिझेलमध्ये नदी शिरणार. मग हवेचा प्रश्नच उरत नव्हता. लॉरी गेलीच. न उघडावा तरी गेलीच.

"मास्टर, तुम्ही काठावर जा," तो म्हणाला.

मी गेलो नाही. शूर म्हणून नव्हे. त्या पाण्यातून एकट्याने जायची हिंमत नव्हती.

त्याने फिल्टर फिरवून काढला आणि पोटाशी धरला, जसं तान्हं पोर धरतात. दोरा दातांनी ओढून तोडला आणि थुंकला. रिंगेवर दोऱ्याचा वण उठला होता. त्याने रिंग उपसली, उलटी केली, डिझेलचं बोट फिरवून बसवली. कमरेपर्यंत तो भिजलेला, पण फिल्टरवर थेंब पडू दिला नाही. हातानेच आवळला, मग पान्याने जरासा. लाटेचा एक फटका माझ्या मांडीला बसला आणि लॉरी कूस बदलल्यासारखी हलली.

पुन्हा हातपंप. फेस. बुडबुडे. वाइसाके काठावरून हात हलवून मोठा ओंडका येतोय असं ओरडत होता. पेरुमलने मान वर केली नाही. मी बोल्टाला डोळे लावून बसलो होतो. बारीक बुडबुडे, मग एखादाच, मग धार. पिवळी, जाड, एकसंध.

"आवळा," तो म्हणाला, आणि मी आवळलं. आयुष्यात मी लाकडी तलवारी पुष्कळ पेलल्या, पण तो पाना मी दोन्ही हातांनी धरला.

पेरुमल वर चढला. सेल्फ कण्हला. इंजिनाचं एक नळकांडं पेटलं, लॉरी लंगडी थरथरली, काळा धूर पाण्यावर पसरला. मग दुसरं पेटलं आणि सगळी एकदम गर्जली. मी फळीला लटकलो होतो. आम्ही चढ चढलो तेव्हा मागे पुलावर ओंडका आडवा येऊन आपटल्याचा आवाज आला.

काठावर मंडळी उभी होती, पेट्या मांडलेल्या, मधे सिंहासनावर अम्मा. पेरुमल थांबलाच नाही. सरळ त्यांच्यामधून टेकडीच्या माथ्यापर्यंत गेला. थांबलो आणि बंद पडली तर, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. बिचाऱ्या वाइसाकेला अम्माला सिंहासनासकट वर आणावं लागलं, आणि वाटेत तिने मुलाचा सगळा उद्धार त्याच्याच कानात केला. दोऱ्याचं तिला पेरुमलने सांगितलं नाही. मीही नाही. आज ती दोघंही नाहीत, म्हणून लिहितोय.

त्या संध्याकाळी खेळ झाला. आमच्या पडद्यामागे लॉरी चालूच होती, कारण बंद केली तर ती म्हातारी बॅटरी पुन्हा ओढेल याचा पेरुमलला भरवसा नव्हता. पडदे थरथरत होते, समया थरथरत होत्या, राणीचा विलाप धुरात चालला होता आणि लोक कानावर हात ठेवून ऐकत होते. माझा मरणाचा प्रवेश जवळ आला तसा मी मुकुट काढून मागे गेलो. पेरुमल त्या दिवशी झोपला नव्हता. इंजिनावर तळहात ठेवून उभा होता. मी त्याला विनवलं की बाबा रे, एवढा प्रवेश होईपर्यंत तरी बंद कर.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग इंजिनाकडे.

"मास्टर," तो म्हणाला, "तुम्ही मोठ्याने मरा."