अंडी ‘वाढली’

मंडळी, आमच्या घरात डब्यातलं काही संपलं तर ‘संपलं’ म्हणत नाहीत, ‘वाढलं’ म्हणतात. वरच्या खोलीत राहणाऱ्या कॉलेजच्या दोन पोरींना, सुरेखा आणि रूपाला, ही सवय मीच लावली.

आज दुपारी सुरेखा खाली आली. "आक्का, अंडी वाढत आलीत, एकच उरलंय. रोजच्या भुर्जीचा कंटाळा बी आलाय."

"त्यात काय गं! आण हिकडं."

मी कांदा परतला, शिळी भाकरी कुस्करून टाकली, कांदा-लसणीची चटणी घातली आणि वर अंडं फोडलं. एका अंड्यात दोघींना पुरेल एवढी, रोजच्यापेक्षा वेगळी भुर्जी झाली.

"रूपाला हाक मार. गरम हाय तवर खावा."

सुरेखा कढईकडंच बघत म्हणाली, "तिचे आप्पा सकाळी आलते. तिला गावाकडं, लोंढ्याला घेऊन गेले. लगीन ठरवलंय तिचं."

"आणि परीक्षा?"

"तिचं कॉलेज वाढलं, आक्का."

माझाच शब्द. डब्यातलं वाढलं तर उद्या बाजारातून आणता येतं, हे कुठून आणू?

भुर्जी झाकून ठेवलीय. सुरेखानंही खाल्ली नाही. तुमच्याकडं अशा वेळी काय म्हणतात हो?