तांडेलांच्या छातीवरची पदकं

जगन्नाथ तांडेल छातीवर मिरवतात ती दुसऱ्या महायुद्धातली पदकं फ्ली मार्केटमधून, म्हणजे जुन्या सामानाच्या बाजारातून, विकत आणलेली आहेत, अशी कुजबूज २००३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत पिस्कॅटवेतल्या मराठी घरांतून फिरत होती. सोडली कोणी म्हणाल, तर उल्हास नाडकर्णींनी. पुरावा शून्य, पोटदुखी मात्र अस्सल.

पोटदुखीचं कारण होतं समई. मंडळाच्या गणपतीत ती लावायचा मान चार वर्षं उल्हासरावांचा. पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. मुलाकडे राहायला आल्यापासून 'साहेब' म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. उरली होती तेवढी ही समई. आणि यंदा उपटले तांडेल! लेकीकडे आलेले, रत्नागिरीकडचे म्हातारे खलाशी. मालवाहू बोट टॉर्पेडोनं बुडाली, तेरा दिवस होडीत काढले, म्हणे! कमिटीनं समई देऊन टाकली त्यांना.

"तुम्ही इतक्या फायलींवर सह्या केल्यात, त्याचं एखादं पदक मिळतं का बघा ना त्या फ्ली मार्केटमध्ये," चहा ओतता ओतता शरयूताई नवऱ्याला म्हणाल्या.

गणपतीच्या दिवशी उल्हासराव खिशात भिंग घालूनच शाळेच्या हॉलमध्ये गेले.

"बघू जरा, तांडेल. अरे! नाव कोरलेलं दिसत नाही कुठे?" हे मुद्दाम मोठ्यानं.

"नसणारच. विकतच आणलीत. जावयाबरोबर बाजारात गेलो, दिसली, घेतली. आमच्या बोटीवरच्या गोऱ्या साहेबाला अशीच मिळाली होती." मग तांडेलांनी खिशातून नल्ली काढली, खलाशाचं नोंदपुस्तक. खाऱ्या पाण्यानं पानं फुगलेली, बोटीच्या नावापुढे शेरा : बुडाली. "ही मात्र माझी. आणि समई तुम्हीच लावा हो नाडकर्णीसाहेब. तेलाला काडी लावली की मला अजून पेटलेलं पाणी दिसतं."

किती वर्षांनी कोणी साहेब म्हणालं, आणि तेही ह्यानं!

उल्हासरावांनी समई लावली. पाचही वाती लागल्या, पण एक मान वळेल तर शपथ. सगळे कॅमेरे नल्लीभोवती. उल्हासरावांना आता त्या फुगलेल्या वहीचाही हेवा वाटू लागला.

कुजबूज खरी होती. पदकं तांडेलांनी विकतच आणली होती. त्यांची स्वतःची कधी आलीच नाहीत. त्यासाठी अर्ज करावा लागतो, हे त्यांना कोणी कळवलं नव्हतं.