कागदाची मागची बाजू

२०२२ साली मी सदुसष्ट वर्षांचा होतो, आणि त्या वर्षी मी एक कागद अर्धाच वाचला. पण आधी कानवाले भैयांचं सांगतो, कारण भोगलं त्यांनी.

त्यांच्या उजव्या कानाच्या पाळीला कडक, काळा घट्टा होता. माणसाच्या तळहाताला घट्टे पडतात, यांच्या कानाला पडला. जमिनीखाली पाइप कुठं फुटला ते शोधायला त्यांच्याजवळ एक लोखंडी सळई होती. तिचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि डोळे मिटायचे. पुरानी बस्तीत देवळाची घंटा वाजू लागली की ते नुसता हात वर करायचे, आणि पुजारी घंटा थांबवायचा. उरल्याच्या कारखान्यांकडे ट्रक थांबत नसत. तिथं ते सळईलाच शिव्या द्यायचे.

या हिंदी बोलणाऱ्या शहरात पाण्याच्या खात्यात आम्ही एकाच दिवशी लागलो. ते भंडाऱ्याकडचे, मी गोंदियाकडचा. ते ऐकायचे, मी खोदायचो. त्यांचा एकच नियम होता. फुटलेली जागा कितीही साफ ऐकू येवो, ते वीस पावलं पुढं जाऊन उलट्या बाजूनंही ऐकायचे. मी चिडायचो.

"भैया, ऊन चढून राहिलं. खोदू का आता?"

"काहून, तुले पोट्टी पाहाले जायचं आहे का? इकून ऐकलं, आता तिकून ऐकतो. मंगच कुदळ लावजो."

पंडरीच्या कापडबाजारात एकदा नव्या इंजिनिअर साहेबांनी नकाशा पाहून खोदायला लावलं. तीन खड्डे केले, तिन्ही कोरडे. दुकानदार बोंबलायला लागले. भैया तोवर एका दुकानाच्या पायरीवर बसून चहा पीत होते. मग उठले, दोन्हीकडून ऐकलं आणि साहेबांच्या जीपच्या चाकाजवळ सळई ठेवली. "साहेब, गाडी हटवा. पाण्यावरच उभी केली तुम्ही." जीप हटवून खोदलं, तर कमरेइतकं कारंजं उडालं.

मला ते मास्टर म्हणायचे. मी तिसरी पास. आमच्या गँगमध्ये दुसऱ्या कोणाला अक्षर लागत नव्हतं, म्हणून खात्याच्या भिंतीवर नोटीस लागली की वाचायचा मान माझा. मी बोट ठेवून मोठ्यानं वाचायचो आणि सगळे मान डोलवायचे. सुरुवातीला "मास्टर" ही थट्टा होती. पुढं तेच नाव झालं, आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू?

रिटायर झाल्यावर दोनेक वर्षांनी त्यांच्या किडन्या गेल्या. खात्यानं रिटायर लोकांना इलाजाचं एक हिरवं कार्ड दिलं होतं. ते दाखवलं की दवाखान्यात आठवड्यातून दोनदा मशीनवर घ्यायचे. मी ऑटोत सोबत जायचो. पलंगावर पडल्या पडल्या ते मान वळवून मशीनला कान लावायचे. नर्स म्हणायची, "बाबा, सीधे लेटो." ते मला डोळा मारायचे. "मास्टर, हिच्यात लीकेज नाही."

मग तो कागद आला, सगळ्या रिटायर लोकांना. हिरवं कार्ड चालू ठेवायचं असेल तर पेन्शनमधला एक हिस्सा दर महिन्याला कापू द्यावा लागेल, त्याला सही द्या, असं लिहिलेलं होतं. चहाच्या ठेल्यावर मी तो बोट ठेवून वाचला. माझं डोकंच फिरलं. मी म्हणालो, "पेन्शनही आपल्या हक्काची आणि कार्डही. कोणी सही करायची नाही. पाहू काय करतात."

भैयांनी विचारलं, "मागून काय आहे?"

"मागं काही नसते, भैया."

मी कागद उलटलासुद्धा नाही. तीस वर्षं मी भिंतीवर चिकटवलेल्या नोटिसा वाचल्या होत्या. चिकटवलेल्या कागदाला मागची बाजू नसते.

"हव," मान डोलवून ते म्हणाले. दोन्हीकडून ऐकल्याशिवाय जमिनीला हात न लावणाऱ्या माणसानं त्या दिवशी माझं एका बाजूनं ऐकलं. त्यांच्या घरी वाचणारं कोणी नव्हतं. मुलगी सुनीता बिलासपूरला दिलेली, आणि वहिनींना अक्षर येत नाही. बाकीच्यांच्या पोरांनी घरी कागद पुन्हा वाचला आणि गुपचूप सह्या नेऊन दिल्या. सही न करणारे आम्ही दोघंच राहिलो.

तीन महिन्यांनी दवाखान्याच्या काउंटरवरची बाई म्हणाली, "कार्ड बंद है." आम्ही खात्यात गेलो. बाबूनं तोच कागद काढला, उलटा केला आणि खालच्या ओळीवर पेन टेकवला. मुदतीत सही न देणाऱ्याचं कार्ड कायमचं बंद होईल, पुन्हा सुरू होणार नाही. मी बाबूशी भांडलो. जिना उतरताना भैया म्हणाले, "मास्टर, कागदालेही सळई लावाले पाहिजे होती." आणि हसले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी आजही म्हणतो, ती सही मागणंच चूक होतं. मी अर्ज लिहिले, साहेबांच्या दारात बसलो, शिपायानं उठवलं तरी उठलो नाही. मी बरोबर होतो. पण माझ्या बरोबर असण्यानं त्यांच्या अंगातलं पाणी निघत नव्हतं. मोठ्या सरकारी दवाखान्यात मशीनला लाइन होती. आठवड्यातून एकदा नंबर लागायचा, कधी तोही नाही. पाय सुजले, मग तोंड. एक दिवस पायावर बोट दाबून पडलेला खड्डा पाहत म्हणाले, "कुठं साचलं ते मले ऐकू येते, मास्टर. काढता येत नाही." शेवटपर्यंत मास्टरच म्हणाले. दुसऱ्या कोणत्याही नावानं त्यांनी मला हाक मारली नाही.

थंडी सरता सरता ते गेले. पंधरवड्यानं एका दुपारी वहिनी एक कागद घेऊन माझ्या घरी आल्या. खात्याकडून आलेला, विधवेच्या पेन्शनचा. "भाऊजी, ते म्हणत, कागद आला का मास्टरकडं जायचं. पाहा ना, कुठं अंगठा द्यायचा."

मी चष्मा लावला. अक्षरं दिसत होती. पण पहिल्या ओळीवर ठेवलेलं बोट पुढं सरकेना. "उद्या सांगतो," म्हणालो आणि कागद ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. सुनीता आली होती, अंगणात भांडी घासत होती. वहिनी दारात बसल्या होत्या, आणि त्यांच्या मागं कोपऱ्यात ती सळई उभी होती. मी कागद सुनीताच्या ओल्या हातात दिला आणि वहिनींना ऐकू जाईल असं म्हणालो, "तू वाच, बाई. मले वाचता येत नाही."

तिनं हात पुसले. "काका, आप तो..."

"येत नाही. आधी मागून वाच."

तिनं कागद उलटला. "काका, पीछे तो कुछ नहीं लिखा."

"तरी नीट पाह," मी म्हणालो.